चिमणाबाईनं आक्काला गायला लावलं

गडमुडशिंगीच्या पुढं, ओढ्याच्या काठाला जी वाडी आहे, तिथं झिम्मा-फुगडीत चिमणाबाईसारखी गाणारी दुसरी झाली नाही. हे तिचे वैरीसुद्धा कबूल करायचे, आणि वैरी म्हणावं असं तिला एकच माणूस होतं. आक्का.

आक्का म्हणजे दूध संस्थेचे माजी चेअरमन गणपतराव यांची मंडळी. वय बासष्ट, अंगानं भरलेली, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. दर गुरुवारी तिच्या माडीवर बायकांची बैठक भरायची. आक्का पोथी वाचायची, बायका ऐकायच्या. वाचता वाचता आक्कानं चष्मा काढून मांडीवर ठेवला की बायकांना कळायचं, पोथीतलं संपलं, आता गावातलं सुरू. कुणाची सून सासऱ्यासमोर गाऊन घालून फिरते, कुणाच्या घरात श्रावणात अंडं शिजलं. आक्का निकाल द्यायची आणि तो देवाचा निकाल म्हणून खपायचा.

चिमणाबाई चव्वेचाळीसची. काळी, काटक. आवाज असा की ओढ्याच्या अल्याड तिनं आपल्या म्हशीला हाक मारली तर पल्याडच्या म्हशी माना वळवून बघायच्या. एकोणिसाव्या वर्षी तिला कुरुंदवाडला दिली होती. दोन वर्षांनी ती ट्रंक घेऊन परत आली. नवऱ्यानं मारलं नव्हतं, सासूनं छळलं नव्हतं.

"मग आलीस का गं?" बापानं विचारलं.

"आबा, माणूस चांगला हाय. पर त्याच्याजवळ बसलं की मला एस्टी स्टँडवर बसल्यागत वाटतंय. समोरनं गाड्या जात्यात, आन माझी गाडी तितनं सुटतच न्हाई."

पाचव्या दिवशी बापानं गोठ्याशेजारची दोन खणांची जागा तिला सारवून दिली आणि दाव्याला एक रेडकू बांधलं. तेवढ्यावर चिमणाबाईनं पुढचं आयुष्य उभं केलं. दूध घातलं, बाप गेला तेव्हा त्याचं सगळं केलं, आणि गायली.

फेराची रीत अशी की बायका हातात हात गुंफून गोल धरतात. गाणारी एक ओळ टाकते, फेर ती जशीच्या तशी उचलतो. ओळ आवडो न आवडो, उचलायची. गाण्यात सासूला घ्या, नणंदेला घ्या, पाटलाला घ्या, फेरात म्हटलेलं कुणी मनावर घ्यायचं नाही. आणि काही झालं तरी मधेच हात सोडायचा नाही. हात सुटला की फेर मोडला, आणि फेर मोडणं हा अपशकुन. पुढं स्पर्धा सुरू झाल्या, तसे त्या अपशकुनाचे मार्कही कापले जाऊ लागले. वीस वर्षं वाडीतल्या बायकांनी चिमणाबाईच्या ओळी अशा उचलल्या होत्या, त्यात आक्कासुद्धा होती.

बारा वर्षांपूर्वी वाडीच्या अंगणवाडीला नवी बाई आली. अनुजा, चंदगडकडची. भात खाणारं माणूस, भाकरी थापायला बसली की परातीत नकाशा काढायची. राहायला जागा शोधत आली आणि चिमणाबाईच्या दोन खणांतला एक तिनं घेतला. वर्षभरात दोन खणांत मिळून एकच चूल राहिली. गावाला ते कळत होतं आणि नव्हतंही. "दोघी एकट्या हाईत, एकमेकीला आधार," असं म्हणून गाव आपली सोय बघत होतं.

ती सोय मोडली आक्कानं. तिनं अनुजासाठी एक स्थळ आणलं, लांबच्या नात्यातला बिजवर. अनुजा म्हणाली, "नको आक्का. माझं घर बसलंय."

"कुणाबर?"

अनुजाला खोटं बोलता येत नाही. तिची मान गोठ्याकडं वळली. गोठ्यात चिमणाबाई धार काढत होती.

त्या गुरुवारी आक्कानं पोथी उघडायच्या आधीच चष्मा काढला. "बाईनं बाईबर संसार मांडला, तर त्या घरात गवर पाऊल टाकत न्हाई. आन अशांच्या सावलीला जी हुबी ऱ्हाईल, तिच्या बी उंबऱ्यातनं गवर मागारी फिरंल."

आठ दिवसांत गौरी आल्या. वाडीत गौरी ओढ्यावरनं आणतात. तेरड्याची रोपं कळशीत घालायची, पाण्यानं भरायची आणि गाणी म्हणत घरी यायचं. अनुजा रोपं हातात घेऊन पाण्यात उतरली होती. आक्का तिच्यासमोर जाऊन उभी राहिली, तिच्या हातातली रोपं काढून घेतली आणि वाहत्या पाण्यात सोडून दिली. "तुमच्यात कोण गवर याला बसलीया गं? जा घरला."

काठावर बावीस बायका होत्या. त्यातली एकही बोलली नाही. चिमणाबाईचा हात कमरेच्या खुरप्यावर गेला, तशी अनुजा म्हणाली, "चिमे, घरी."

घरी जाईपर्यंत अनुजा पदराला हात पुसत होती. हात कोरडे झाले तरी पुसत होती. चिमणाबाईच्या डोक्यात जे बसलं ते हेच. आक्काचं बोलणं नाही, पाण्यातनं गेलेली रोपं नाहीत. ते हात पुसणं.

त्या दिवसापासनं चिमणाबाई गावात गायली नाही. कुणी विचारलं की म्हणायची, "गळा बसलाय." गळा बसला नव्हता. रोज धार काढताना ती गाणी रचत होती, आणि अनुजा ती अंगणवाडीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर उतरून घेत होती. पहिली गाणी सगळी आक्काच्या मढ्यापासनं सुरू व्हायची. आक्काच्या तोंडात किडे पडायचे, आक्काची कवळी हौदात पडायची. अनुजा हसायची आणि लिहायची. दीड वर्षांनी एकदा तिनं पेन खाली ठेवला.

"चिमे, तेवीस गाणी झाली. सगळ्यांत आक्का आहे. तू कुठं आहेस?"

"मी रचतोय की."

"तू नाहीस यात. मी पण नाही. आपल्या घरात आपण दोघी, आणि गाण्यात ती एकटी पसरून बसलीय."

चिमणाबाई रागानं उठून वैरण टाकायला गेली. चार दिवस तिनं ओळ रचली नाही. पाचव्या दिवशी म्हशीच्या कासेला हात लावला आणि तोंडातनं आलं, "हाय मी अशी गं बाई, हाय मी अशी." गाणं पुरं व्हायला अख्खा पावसाळा लागला. पुरं झालं तेव्हा चिमणाबाईनं ते तीनदा म्हणून घेतलं. तिला एक गोष्ट उमगली होती. आक्काला शिव्या घातल्या तर आक्का त्या घेऊन घरी जाईल, गुरुवारी बायकांना दाखवील. पण ही ओळ आक्काच्याच तोंडातनं निघाली तर? "हाय मी अशी." आक्का कशी काय म्हणेल? फेरात असली, तर म्हणावंच लागेल.

मग ती वाट बघत बसली. म्हैस पाळणाऱ्या माणसाला वाट बघता येते.

इकडं चिमणाबाईच्या जागी आक्का स्वतः गाणारी झाली होती. आवाज चिरका, ओळ संपायच्या आधी दम संपायचा. तीन वर्षं वाडीचा संघ तळाला राहिला. तिसऱ्या वर्षी तर दुसऱ्या संघाच्या पोरींनी आक्काच्या आवाजाची नक्कल करून मोबाइलवर टाकली. यंदा पंचमीनंतर कोल्हापुरात मोठी स्पर्धा होती, आणि आक्कानं गणपतरावांच्या देखत सांगून ठेवलं होतं की चषक आणला नाही तर बैठकीला बसणार नाही. तिनं आधी चिमणाबाईकडं दोन बायका पाठवल्या.

"तिला सोता यिऊ दे," चिमणाबाईनं सांगितलं.

आक्का आली. शेणात पाय पडू नये म्हणून नऊवारीचा घोळ गुडघ्यापर्यंत उचलून गोठ्याच्या तोंडाशी उभी राहिली.

"चिमणे, गावाच्या अब्रूचा प्रश्न हाय."

"बसा की."

"कुटं बसू?"

"घमेलं पालथं घाला."

आक्का बसली नाही. चिमणाबाई धार काढतच राहिली. "गातो मी. पर माझ्या तीन गोष्टी. शेवटचा धावता फेर माझ्या नव्या गाण्यावर. तुमी फेरात माझ्या उजव्या हाताला. आन अनुजा आपल्याबर टेम्पोत येणार."

तिसऱ्या गोष्टीला आक्काचं तोंड कडू झालं. पण दुसरीनं ते गोड झालं. गाणारीच्या उजव्या हाताला जी असते, तिच्या पदराला फेराचा माइक लावतात, कॅमेरा तिच्यावरच असतो, हे तिला माहीत होतं. आपला मान राखला असं तिला वाटलं.

"गानं कशावर हाय?"

"गवरीवर."

"देवाचंच हाय न्हवं?"

"देवाबगर त्यात काय न्हाई, आक्का."

सरावाला चिमणाबाईनं धावत्या फेराचा फक्त ठेका शिकवला. ओळी दिल्या नाहीत. ऐनवेळी टाकलेली ओळ फेर कसा उचलतो, त्यालाच जादा मार्क असतात, त्यामुळं कुणाला संशय आला नाही. पंधरा दिवस आक्का त्या ठेक्यावर घामाघूम होऊन नाचली. पाय चांगले होते तिचे, ते चिमणाबाईसुद्धा नाकारायची नाही.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी अनुजानं नऊवारीला इस्त्री करता करता विचारलं, "म्हटलं तिनं, तर काय मिळणार तुला?"

"तिच्या तोंडनं ऐकायचंय मला."

"सोड की आता. पाच वर्षं झाली."

"तू घरापतूर हात पुसत आलतीस."

"माझे हात होते ते."

"म्हणूनच." चिमणाबाईनं इस्त्री तिच्या हातातनं घेतली. "तुजं नाव घालत न्हाई. नोकरी हाय तुजी. पर सोडायचं म्हणू नकोस."

अनुजानं साडीची घडी दोनदा मोडून पुन्हा घातली.

हॉल गच्च भरला होता. तेरा संघ. वाडीचा नंबर जेवणाच्या सुट्टीनंतर लागला. झिम्मा झाला, फुगड्या झाल्या, सूप नाचवून झालं. बायका तापल्या. मग चौदा जणींनी हात गुंफले. चिमणाबाईनं उजव्या हातानं आक्काचा हात धरला, म्हशीचं दावं धरावं तसा, मनगटाला वेढा देऊन. माइक आक्काच्या पदराला, गळ्याशी लावलेला होता. अनुजा तिसऱ्या रांगेत पिशव्या सांभाळत बसली होती.

चिमणाबाईनं ओळ टाकली.

"गवर आली ओढ्यावरनं, पाय धुऊन आली!"

फेरानं उचलली. आक्का सगळ्यांत मोठ्यानं.

"तिनं काय इचारलं न्हाई, कोण माझी वाली!"

उचलली. परीक्षकांतली एक बाई टेबलावर बोटं वाजवायला लागली. पाच वर्षं कोंडलेला तो आवाज हॉलच्या पत्र्याला जाऊन लागत होता. फेर धावायला लागला, आणि चिमणाबाईनं धृपद सोडलं.

"हाय मी अशी गं बाई, हाय मी अशी!
देवानंच घडवली, मग लाज मला कशी!"

आक्कानं तेही म्हटलं. हसत म्हटलं. गोड ओळ होती, देवाचं नाव होतं. तिला काही कळलं नाही. चिमणाबाईला घाई नव्हती.

"भरल्या ताटावर गं माझी भूक न्हाई जागली!
सखीच्या हातची कोर खाल्ली, अमृतावानी लागली!"

'सखी'वर आक्काचा पाय अडखळला. तिनं मान वळवून चिमणाबाईकडं बघितलं. चिमणाबाई तिच्याकडंच बघत होती, आणि हसत नव्हती. फेराच्या पल्याडच्या बाजूला दोघीतिघींनी एकमेकींकडं बघितलं. त्यांना समजलं होतं. त्या ओढ्यावर होत्या त्या दिवशी. त्यांनी ओळ उचलली, आणि मगाचच्यापेक्षा मोठ्यानं उचलली.

आक्काचे ओठ मिटले होते. माइकमध्ये तिच्या जागी फक्त श्वास ऐकू आला. तिनं हात ओढायला बघितला.

चिमणाबाई दोन ठेक्यांच्या मधल्या फटीत बोलली, ओठ न हलवता. "सोड की हात. मोड फेर. समदं कोल्हापूर बघतंय."

समोर परीक्षक बसले होते. टेबलावर तो पितळी चषक होता. डोळ्यांपुढं गुरुवारी भरणारी माडी होती. आक्काचं मनगट ढिलं पडलं.

"हाय मी अशी गं बाई, हाय मी अशी!" चिमणाबाईनं टाकली.

"हाय मी अशी गं बाई, हाय मी अशी," आक्का म्हणाली. माइक तिच्या गळ्याशी होता. तिचा चिरका आवाज सगळ्यांच्या वर निघाला आणि हॉलभर फिरून आला.

याच्यासाठी चिमणाबाईनं पाच वर्षं तोंड बंद ठेवलं होतं. आणि आता एवढ्यावर ती थांबणार नव्हती.

"पोथीवाली बोलली गं, गवर दारी रुसंल!
गवर माझ्या चुलीम्होरं पाट घिऊन बसंल!"

आक्कानं म्हटलं.

"देव तुझ्या कानामंदी कवा यिऊन बोलला!
काल माझ्या गोठ्यामंदी ताक पिऊन गेला!"

हॉल हसला. टाळ्या सुरू झाल्या. आक्कानं तेही म्हटलं, एकेक शब्द दातांखाली चावून, डोळ्यांत पाणी आणि रागानं लाल झालेलं तोंड. परीक्षकांना वाटलं, काय तन्मय होऊन गातेय बाई. धृपद चिमणाबाईनं सात वेळा फिरवलं. रीतीप्रमाणं तीन पुरे असतात. सातव्या वेळेला चौदा जणी उड्या मारत होत्या, आणि पुढच्या रांगेतल्या अनोळखी बाया जागेवरनं ओळ उचलत होत्या.

पहिला नंबर. चषक घ्यायला आक्कालाच पुढं बोलावलं. परीक्षक बाईनं माइकवर सांगितलं, "या आजींनी जो भाव आणला ना, 'हाय मी अशी' म्हणताना, तो मनापासून आलेला होता."

परतताना आक्का टेम्पोत पुढं, सयाजी ड्रायव्हरच्या शेजारी, मांडीवर चषक घेऊन बसली. मागं हौद्यात बाकीच्या. केबिनच्या मागच्या खिडकीला काच नव्हती. उचगाव आलं, तशी आक्का खिडकीतनं मागं न बघताच म्हणाली, "झालं समाधान? देवाच्या नावावर माझ्या तोंडात शेण घातलंस."

"फेरातलं मनावर घ्यायचं नसतंय, आक्का," चिमणाबाई म्हणाली.

"गुरुवारी बैठकीत सांगतो मी. ते गानं वाडीत कुणी म्हणायचं न्हाई. जी म्हणंल, तिच्या घरात गवर..."

"हाय मी अशी गं बाई," कुणीतरी म्हटलं.

आवाज बारीक होता, सूर थोडा हललेला. चिमणाबाईनं वळून बघितलं. अनुजा होती. ती आयुष्यात चार माणसांत गायली नव्हती. पिशव्या पायाशी ठेवून ती केबिनच्या खिडकीजवळ सरकली होती, आक्काच्या कानापासनं हातभर अंतरावर.

"हाय मी अशी," अनुजानं ओळ पुरी केली आणि थांबली.

ओळ पडली होती. उचलायची रीत होती. पण इथं स्टेज नव्हतं, मार्क नव्हते. बायका आक्काच्या मानेकडं बघत राहिल्या.

"म्हणा की आक्का," अनुजा म्हणाली. "मगाशी चांगलं म्हणत होता."

"सयाजी, गाडी थांबीव."

"आक्का, अजून दोन किलोमीटर हाय घर."

"थांबीव म्हणतो न्हवं!"

टेम्पो थांबला. आक्का चषक घेऊन खाली उतरली, पदर खोचला आणि रस्त्याच्या कडेनं ताडताड चालू लागली. सयाजीनं आरशातनं मागं बघितलं. "आता वो? फुडं काढू का?"

चिमणाबाई "काढ" म्हणणार होती. म्हातारी चालू दे, उन्हात चालू दे, घामानं कुंकू वघळू दे. पण अनुजानं तिच्या आधी तोंड उघडलं.

"पुढं नका काढू. तिच्या मागं घ्या. हळू."

"बाई, पयल्या गेरात गाडी तापत्या."

"तापू दे."

चिमणाबाई अनुजाच्या तोंडाकडं बघत राहिली. सोड म्हणणारी ती हीच बाई. अनुजानं तिच्याकडं बघितलं नाही. ती हौद्यात उभी राहिली, एका हातानं वरचा पाइप धरला आणि ओळ पुन्हा टाकली, या वेळेला सूर न हलवता. बाकीच्यांनी ती उचलली. आधी दोघींनी, मग पाच जणींनी, मग सगळ्यांनी. त्या बावीसातल्या ज्या आज गाडीत होत्या, त्या तर गळ्याच्या शिरा फुगवून म्हणत होत्या. आक्काला ऐकवायला म्हणत होत्या की अनुजाला, कोण जाणे.

आक्का पुढं, तिच्या मागं पाच पावलांवर टेम्पो, टेम्पोत गाणं. आक्कानं पाय उचलले की सयाजी ॲक्सिलेटर थोडा दाबायचा. तिनं दम खाल्ला की ब्रेक. रस्त्यालगतच्या चहाच्या गाड्यावरची माणसं उठून उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात पितळी चषक, मागं गाणाऱ्या बायका. त्यांना वाटलं, मिरवणूकच आहे.

"आक्का, नंबर काडला व्हय!" एकानं हात जोडले. "अभिनंदन, अभिनंदन!"

दुसऱ्यानं मोबाइल काढला. "आक्का, चषक वर धरा की! आन कुठलं गानं म्हटलासा, हेच?"

आक्कानं चषक छातीशी धरला आणि चालत राहिली. माणूस तिच्या बाजूनं उलटं चालत शूटिंग घेत होता.

"देव तुझ्या कानामंदी," अनुजानं टाकली.

चिमणाबाईनं तिच्या शेजारी उभी राहून पाइप धरला, छातीत हवा भरली, आणि गाणारी असूनही पहिल्यांदाच दुसरीची ओळ उचलली.